माहेरचा दोष राहू द्या, आधी कॉर्टिसॉल बघा

“बाळाच्या डोळ्याची नस जन्मतः बारीक असेल तर दोष आईच्या माहेरचा. दुसरं मूल होऊ देऊ नका. बदाम-तूप चालू ठेवा, पाचव्या वर्षापर्यंत नस भरते.” हा फॉरवर्ड परवा भाचीच्या सासरच्या ग्रुपवर फिरला. तिच्या बाळाला नुकतंच हेच निदान झालंय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी माहेर. या दोषाचं नाव ऑप्टिक नर्व्ह हायपोप्लेझिया. एरवी नसेत दहा-बारा लाख तंतू असतात, इथे ते जन्मतःच कमी. बहुतेक घरांत असं एकच मूल असतं, पाठच्या भावंडात हे क्वचितच दिसतं. एचईएसएक्स-1 सारख्या जनुकातला बदल सापडतो तो मोजक्यांत. गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही म्हणून असं होतं, हे तर बोलूच नका.

आईकडून येणारा नसेचा आजार आहे, हे मान्य. तो ‘लेबर’ नावाने ओळखला जाणारा वेगळाच आजार. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या, फक्त आईकडून मिळणाऱ्या मायटोकाँड्रियातून येतो आणि बहुधा 15 ते 35 वयात नजर नेतो. फॉरवर्डवाल्याने दोन्हींची खिचडी केली.

खरा घातक भाग म्हणजे “पाच वर्षं थांबा”. लॉस एंजेलिसच्या बालरुग्णालयात मार्क बोर्चर्ट यांच्या गटाने अशी मुलं वर्षानुवर्षं तपासली. सुमारे 70 टक्क्यांत पिट्यूटरी-हायपोथॅलॅमसचा, म्हणजे मेंदूतून शरीरातल्या हार्मोनचा कारभार चालवणाऱ्या भागांचा बिघाड निघाला, सर्वांत जास्त ग्रोथ हार्मोनचा. कॉर्टिसॉल, म्हणजे आजारपणात शरीराला सावरणारं हार्मोन, कमी असलेलं बाळ एरवी हसतं-खेळतं दिसतं; साध्या तापात किंवा उलट्या-जुलाबात त्याची साखर घसरते, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून निदान झाल्याबरोबर बालहार्मोनतज्ज्ञ गाठा. कॉर्टिसॉल, फ्री टी-4 (थायरॉइडचं हार्मोन), आयजीएफ-1 (ग्रोथ हार्मोनचा अंदाज देणारी तपासणी), सोडियम आणि साखर तपासून घ्या. नुसतं टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) नॉर्मल आलं म्हणून सुटलात असं समजू नका: इथे थायरॉइड धड असतो, बिघाड टीएसएच सोडणाऱ्या ग्रंथीतच असतो. एमआरआय स्वच्छ आला तरी या तपासण्या टळत नाहीत, आणि पहिल्या नॉर्मल आल्या तरी उंची-वजनाचा तक्ता चालू ठेवायचा. जन्मल्यावर कावीळ लांबली असेल किंवा साखर उतरली असेल, तर ते डॉक्टरांना आठवणीने सांगा. कॉर्टिसॉल कमी निघालं तर तापात हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची उणीव भरणारं औषध) किती वाढवायचं आणि उलटीत इंजेक्शन कधी द्यायचं, हे लेखी घेऊन फ्रिजवर चिकटवा.

नस भरत नाही. मेंदू पक्का होतो तशी पहिल्या काही वर्षांत नजर थोडी सुधारते, तेवढ्याचं श्रेय बदाम लाटतात. चष्मा नंबर असेल तरच. स्टेम सेल टोचून नस वाढवतो म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका.

दुसऱ्या मुलाचं म्हणाल, तर घरात आणखी कुणाला असा दोष असेल किंवा बाळात जनुकातला बदल सापडला असेल, तर धोक्याचं गणित बदलतं. तेव्हा जनुकीय सल्ला घ्या.