कापराच्या पुरचुंडीने ऑक्सिजन वाढत नाही, आणि पाळण्याला तर ती बांधूच नका

थंडी पडली की तो निरोप परत येतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये, खाट मिळेना आणि ऑक्सिजनही मिळेना अशा दिवसांत, तो घरोघरी फिरला होता: कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरी तेलाचे चार थेंब कापडात बांधा, दिवसभर हुंगत राहा, ऑक्सिजनची पातळी वाढते, लडाखला जाणाऱ्या पर्यटकांना हीच पुरचुंडी देतात. आता त्याला आणखी शेपूट फुटलंय. यंदा माझ्या फोनवर आलेल्या निरोपानुसार ही पुरचुंडी बंद नाक उघडते, सर्दी मुळापासून घालवते, हजारो वर्षांपासून आपल्याकडे चालत आली आहे, वनस्पतिजन्य असल्यामुळे अपाय शून्य, आणि तान्ह्या बाळाच्या पाळण्याला बांधली तर बाळ रात्रभर शांत झोपतं.

मी फार्मसिस्ट आहे, दिवसाचे दहा तास औषधाच्या दुकानात उभी असते. गेल्या आठवड्यात एक आजी कापराच्या वड्या घेऊन आल्या आणि निलगिरी तेलाची बाटली मागू लागल्या. नातू दोन महिन्यांचा, नाक घुरघुरतंय, लेकीला रात्रभर झोप नाही. मी तेल दिलं नाही, सलाईनचे थेंब दिले. आजी नाराज झाल्या. "अगं, सगळं झाडपाल्याचं तर आहे," म्हणाल्या. गर्दीत मला त्यांना नीट सांगता आलं नाही. ते इथे सांगते आहे, निरोपातला एकेक दावा घेऊन.

"ऑक्सिजनची पातळी वाढते."

बोटाला लावायचं यंत्र जो आकडा दाखवतं, तो रक्तातल्या हिमोग्लोबिनवर किती ऑक्सिजन बसला आहे याचा असतो. ऑक्सिजन तिथे पोचतो फुप्फुसातून. कापराच्या किंवा निलगिरीच्या वासात ऑक्सिजन नसतो, आणि फुप्फुस सुजलेलं असेल तर ती सूजही वासाने उतरत नाही. मग "आमच्याकडे ९२ चा ९४ झाला" असं लोक शपथेवर का सांगतात? कारण पुरचुंडी हुंगताना माणूस ताठ बसतो आणि चार-पाच खोल श्वास घेतो. उथळ श्वास घेणाऱ्या माणसाचा आकडा तेवढ्याने एखाद-दोन अंकांनी हलू शकतो. गार पडलेलं बोट चोळून गरम केलं तरी आकडा बदलतो. २०२१ मध्ये या दाव्याने खरं नुकसान केलं ते इथे: नाकाला गार वाटतंय म्हणजे बरं चाललंय, असं समजून लोक घरी थांबले. जो वेळ रुग्णालय गाठण्यात जायला हवा होता, तो कापड हुंगण्यात गेला.

लडाखचं म्हणाल तर लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो. प्रत्येक श्वासात ऑक्सिजनच कमी येतो. त्यावर उपाय म्हणजे पोचल्यावर एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती, हळूहळू वर चढणं, डॉक्टरांनी दिली तर अॅसिटाझोलामाइडची गोळी, आणि त्रास वाढला तर ताबडतोब खाली उतरणं. तिथे कुणी हातात पुरचुंडी दिली असेलही. त्याने हवा दाट होत नाही.

"बंद नाक उघडते."

याच दाव्यावर सगळ्यांचा विश्वास बसतो, कारण अनुभव तसाच येतो. म्हणून इथे थोडं थांबते.

नाक चोंदतं ते फक्त शेंबडाने, असा आपला समज असतो. पण नाकाच्या आत दोन्ही बाजूंना शिंपल्यासारखे उंचवटे असतात आणि त्यांच्यावरच्या अस्तरात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. सर्दीत त्या रक्तवाहिन्या फुगतात आणि वाट अरुंद होते. म्हणूनच कितीही शिंकरलं तरी नाक मोकळं होत नाही. ब्रिटनमधल्या कार्डिफचे सर्दी-संशोधक रोनाल्ड एक्लेस यांनी १९८० च्या दशकात मेंथॉल, म्हणजे बाममधलं पुदिन्याचं फूल, हुंगायला देऊन नाकातून जाणाऱ्या हवेचा अडथळा यंत्राने मोजला. अडथळा तेवढाच राहिला. माणसं मात्र सांगत होती की नाक सुटलं.

हे कसं होतं याचा उलगडा २००२ मध्ये झाला. आपल्या मज्जातंतूंवर गारवा ओळखणारा एक ग्राहक (रिसेप्टर) असतो, टीआरपीएम८ नावाचा. मेंथॉल त्याच ग्राहकाला चेतवतं, आणि निलगिरी तेलातलं सिनिओलही. नाकात गार हवा वाहते आहे असा संदेश मेंदूला मिळतो. हा ग्राहक शोधणाऱ्यांपैकी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. म्हणजे पुरचुंडीमुळे वाट रुंद होत नाही, रुंद झाल्यासारखी वाटते.

मोठ्या माणसाला हे वाटणंही मोलाचं असतं, हे मी मनापासून मान्य करते. सर्दीत मीही झोपताना छातीला बाम चोळते. अमेरिकेत २०१० मध्ये २ ते ११ वर्षांच्या १३८ मुलांवर कापूर, मेंथॉल आणि निलगिरीच्या बामाची चाचणी झाली. बाम लावलेल्या रात्री मुलं आणि त्यांचे आईवडील जास्त नीट झोपले. त्याच मुलांपैकी अनेकांना त्वचेची, डोळ्यांची किंवा नाकाची आग झाली, हेही त्यातच नोंदलं आहे. मोठ्या मुलाला, मोठ्या माणसाला रात्रीपुरता दिलासा मिळतो, एवढं कबूल. पण दोन महिन्यांच्या बाळाला या "वाटण्याचा" काय उपयोग? त्याला हवी असते खरी हवा.

"हजारो वर्षांपासून आपल्याकडे चालत आली आहे."

निलगिरीचं झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं. भारतात ते आलं १७९० च्या सुमारास, टिपू सुलतानाच्या काळात नंदी टेकड्यांवर. निलगिरी डोंगरात त्याची लागवड १८४३ मध्ये सुरू झाली, आणि त्या डोंगरावरूनच आपण झाडाला नाव दिलं. बाममधलं पुदिन्याचं फूल ज्या जपानी पुदिन्यापासून निघतं, तोही इथे १९५० च्या दशकात आला. आरतीच्या वड्यांमधला कापूर आता बहुतांशी कारखान्यात टर्पेंटाइनपासून बनतो. कापूर आयुर्वेदात आहे, नाही कोण म्हणतं? पण तिथे तो मात्रेने आणि वैद्याच्या देखरेखीखाली आहे. "चार वड्या चुरून बांधा" ही मात्रा नव्हे. आपल्या आज्या करायच्या ते वेगळं होतं: ओवा तव्यावर कोरडा भाजायचा, कापडात बांधायचा, आधी स्वतःच्या गालाला लावून ऊब बघायची आणि मग बाळाच्या छातीला हलकेच शेक द्यायचा. त्यात ना कापूर होता ना निलगिरीचं तेल. निरोपाने परंपरेचं नाव घेतलं आणि आतला माल बदलला.

"वनस्पतिजन्य आहे, अपाय शून्य."

धोतराही वनस्पतीच आहे आणि कण्हेरही. पण त्याहून नेमकं सांगते.

तेल म्हणजे पानांचा रस नव्हे. ढीगभर पानांमधून वाफेने ओढून काढलेला तो अर्क असतो, म्हणून त्याचे थेंब मोजायचे असतात. कापराचं तर फारच सांभाळावं लागतं. तो पोटात गेला की मिनिटांत रक्तात उतरतो आणि मेंदूवर काम करतो. मुलाला उलटी होण्याआधीच आकडी येऊ शकते. एक ग्रॅमच्या आसपास कापूर पोटात जाऊन लहान मूल दगावल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. एक ग्रॅम म्हणजे एक-दोन वड्या, आणि वडी दिसायला खडीसाखरेसारखी. अमेरिकेत याच कारणाने दुकानात मिळणाऱ्या औषधांमध्ये कापराचं प्रमाण ११ टक्क्यांच्या वर न्यायला बंदी आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये कापरामुळे आकडी आलेल्या मुलांची माहिती प्रसिद्ध केली. त्या घरांतला कापूरही घरगुती उपाय म्हणूनच आणलेला होता.

फक्त वासाने काय होणार, असं विचारणाऱ्यांसाठी उदाहरण आपल्याकडचंच आहे. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स रुग्णालयातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी २०१७ मध्ये निलगिरी तेल हुंगल्यानंतर फिट आलेल्या रुग्णांबद्दल लिहिलं. पुढे अनेक रुग्णालयांत मिळून चार वर्षं नोंदी ठेवल्या, तेव्हा अशा तेलांशी संबंधित फिटचे ५५ प्रौढ रुग्ण सापडले. त्यांतल्या काहींना आधी कधीच फिट आली नव्हती. निलगिरी किंवा कापूर वापरणाऱ्या प्रत्येकाला फिट येते असा याचा अर्थ नाही. ज्याला मिरगीचा त्रास आहे त्याने मात्र यांपासून लांबच राहावं. दुकानात फिटच्या गोळ्या घेणारं गिऱ्हाईक बाम मागतं, तेव्हा मी हे दर वेळी सांगते.

"पाळण्याला बांधा."

यासाठीच हे सगळं लिहायला बसले.

पहिले काही महिने बाळ जवळजवळ नाकानेच श्वास घेतं. त्याची श्वासनळी अरुंद असते, जराशी सूज किंवा जरासा जास्त कफही तिला जड जातो. तीव्र मेंथॉल किंवा कापूर इतक्या लहान जिवाच्या नाकाशी आला तर स्वरयंत्र आकसू शकतं, श्वास काही क्षण थांबू शकतो. २००९ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १८ महिन्यांच्या एका मुलीबद्दल लिहिलं. नाकाखाली बाम लावल्यावर तिला धाप लागली होती. मग त्यांनी फेरेट नावाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांवर तपासलं, तर बामामुळे श्वासनळीत कफ जास्त तयार होत होता आणि तो बाहेर ढकलला जाण्याचा वेग मंदावत होता. जे सुटावं म्हणून लावलं, तेच वाढलं. बामाच्या डबीवर दोन वर्षांखालील मुलांना लावू नये असं छापलेलं असतं, ते अक्षर लहान असलं तरी वाचा. युरोपच्या औषध नियामक संस्थेने कापूर, सिनिओल, मेंथॉल अशा द्रव्यांच्या गुदमार्गे द्यायच्या औषधगोळ्या ३० महिन्यांखालच्या मुलांना देऊ नयेत असं ठरवलं, तेही आकडीच्या भीतीमुळेच.

आणि वास बाजूला ठेवला तरी पुरचुंडी ही गाठ मारलेली वस्तू आहे. पाच-सहा महिन्यांचं बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं. पाळण्यावर कापूर बांधणं म्हणजे तो त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवणं. दोरीचा धोका वेगळाच.

"सर्दी मुळापासून जाते."

सर्दी दोनशेच्या वर विषाणूंपैकी कुणामुळेही होते आणि बहुधा सात ते दहा दिवसांत आपोआप जाते. पाचव्या दिवशी पुरचुंडी बांधली तर श्रेय पुरचुंडीला मिळतं. साध्या वाफाऱ्याबद्दलचे सगळे अभ्यास तेव्हा चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयात असलेल्या डॉ. मीनू सिंग आणि सहकाऱ्यांनी कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेसाठी एकत्र तपासले. सर्दीत वाफेचा ठाम फायदा दिसला नाही. पातेल्यावर डोकं झाकून घेतलेल्या वाफेने मुलं भाजतात, हे मात्र ठामपणे दिसतं. २०२० च्या टाळेबंदीत इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात अशी भाजलेली मुलं एकदम वाढली होती. सिनिओलचा खरा फायदा दिसला तो जर्मनीत, सायनसची सूज असलेल्या १५२ रुग्णांमध्ये, पण तिथे मोजून २०० मिलिग्रॅम सिनिओल दिवसातून तीनदा कॅप्सूलमधून गिळायला दिलं होतं. कापडावरचे चार थेंब म्हणजे ते औषध नव्हे, आणि हे वाचून कुणी तेल पिऊ तर मुळीच नये.

लोक पुरचुंडीकडे का वळतात, तेही मला कळतं. २०२५ मध्ये छिंदवाड्यात विषारी खोकल्याच्या औषधाने लहान मुलं गेली, त्यांतल्या कित्येकांवर नागपुरात उपचार सुरू होते. त्यानंतर दुकानात आया बाटली हातात घेऊन विचारायच्या, "ताई, हे द्यायचं की नको?" सर्दीच्या क्लोरफेनिरामाइन-फिनाइलएफ्रिन मिश्रणावर तर डिसेंबर २०२३ पासूनच "चार वर्षांखाली देऊ नये" असं छापण्याचा केंद्रीय औषध नियंत्रकांचा आदेश आहे. त्या आयांची भीती रास्त आहे. लहान मुलाला सर्दीचं सिरप नको, हे मीही म्हणते. पण सिरप नको म्हणून कापूर, हे आगीतून फुफाट्यात जाणं झालं.

मग त्या आजींच्या नातवासाठी काय? सलाईनचे थेंब. दूध पाजण्याआधी आणि झोपवण्याआधी प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब, मिनिटभर थांबून मऊ कापडाने पुसायचं. स्कॉटलंडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या ४०७ मुलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२४ मध्ये मांडले गेले: मिठाच्या पाण्याचे थेंब घातलेल्या मुलांची सर्दी सरासरी सहा दिवसांत उतरली, इतरांची आठ दिवसांत. बाळासाठी थेंब घरी बनवू नका, प्रमाण चुकतं. साधी सलाईनची कुपी स्वस्तात मिळते. अंगावरचं दूध थोडं थोडं, वरचेवर पाजा. खोलीत उदबत्ती, धुरी, कॉइल काही नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका.

बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळाचा ६० किंवा जास्त, वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरला, बरगड्यांखाली खळगा पडू लागला, ओठ निळसर झाले किंवा बाळ पिईनासं झालं, तर सकाळची वाट पाहू नका. दोन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तरी तसंच निघा. आणि कापूर किंवा तेल मुलाच्या पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका. १०८ ला फोन करा आणि उरलेली वडी किंवा बाटली सोबत घेऊनच रुग्णालयात जा.