कॅडेटांना नुसतं ‘मवाळ’ म्हणून चालणार नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की रशियातले उदारमतवादी कॅडेट, म्हणजे घटनात्मक लोकशाही पक्षाची माणसं, हे अर्जविनंत्या करणारे मवाळ होते. झारशी खरी झुंज क्रांतिकारकांनी दिली, या वकील-प्राध्यापकांनी नुसती भाषणं ठोकली, आणि मी माझ्या लेखात त्यांना उगाच डोक्यावर घेतलं. शिवाय त्यांचे नेते मिल्युकोव्ह शेवटी सिंहासनच वाचवायला निघाले, म्हणजे ही झारचीच माणसं.

अर्जविनंत्यांचं खरं आहे, पण ते सुरुवातीचं. नव्यानेच गादीवर आलेल्या दुसऱ्या निकोलसला त्व्हेरच्या झेम्स्त्वोने, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेने, मानपत्रातून अगदी अदबीने सुचवलं होतं की लोकांचा आवाज सिंहासनापर्यंत पोहोचू द्यावा. जानेवारी १८९५ मध्ये त्याने भर दरबारात ही ‘निरर्थक स्वप्नं’ म्हणून झटकून टाकली. पुढे १९०२ मध्ये उदारमतवादी लेखक स्त्रूव्हेंनी जर्मनीतल्या श्टुटगार्टहून एक नियतकालिक काढलं आणि त्याचे अंक चोरून रशियात जाऊ लागले. हा अर्जदाराचा मार्ग नव्हे.

आता तुम्ही ज्याला ‘नुसती भाषणं’ म्हणता त्याबद्दल. १९०६ च्या पहिल्या दुमात, म्हणजे रशियाच्या संसदेत, कॅडेट हा सर्वांत मोठा पक्ष होता. त्यांचे नेते व्लादिमीर नाबोकोव्ह तिथे उभे राहून म्हणाले, कार्यकारी सत्तेने विधिमंडळाच्या सत्तेपुढे मान तुकवावी. समोर झारचे मंत्री बसलेले. झारने ७२ दिवसांत दुमा बरखास्त केली, ती जिथे भरायची त्या राजवाड्याला कुलूप ठोकलं, बाहेर सैनिक उभे केले. तेव्हा दोनशेच्या आसपास प्रतिनिधी घरी न जाता आगगाडीने फिनलंडमधल्या व्हिबोर्गला गेले. बेल्व्हेदेरे हॉटेलात बसून त्यांनी जाहीरनामा काढला : दुमा पुन्हा भरेपर्यंत सरकारला एक कोपेक देऊ नका, सैन्यात एक माणूस पाठवू नका. गव्हर्नर बैठक बंद पाडायच्या बेतात होता, म्हणून सह्या घाईघाईने झाल्या.

लोकांनी ऐकलं का? नाही ऐकलं. इथे तुमचा मुद्दा मला मान्य आहे. शेतकऱ्याला जमीन हवी होती. कॅडेटांच्या योजनेत जमीनदाराला मोबदला होता, आणि तो शेतकऱ्याला पटण्यासारखा नव्हता. पण सह्या करणाऱ्यांनी किंमत मोजली. १६७ जणांना तीन-तीन महिन्यांची कैद झाली आणि निवडणूक लढवण्याचा हक्कही गेला. म्हणजे पक्षाची पहिली फळी एका फटक्यात संसदेबाहेर. नाबोकोव्ह ‘क्रेस्ती’ तुरुंगातून बायकोला शौचाच्या कागदावर चिठ्ठ्या लिहून बाहेर पोहोचवत. जमिनीच्या प्रश्नावर पक्षाची बाजू मांडणारे हेर्त्सेनस्टाइन त्या जाहीरनाम्यानंतर थोड्याच दिवसांत फिनलंडच्या किनाऱ्यावर गोळ्यांना बळी पडले. मारेकरी ‘ब्लॅक हंड्रेड’ या कट्टर राजनिष्ठ गटांतले होते. ज्यांच्यापासून झारला धोकाच नव्हता, त्यांना त्याच्या भक्तांनी कशाला मारलं असतं?

तुमचा दुसरा आक्षेप मिल्युकोव्हांवर आहे, आणि तो जास्त वजनदार आहे. नोव्हेंबर १९१६ मध्ये ‘हा मूर्खपणा आहे की देशद्रोह?’ असं सरकारला भर दुमात विचारणारा हाच माणूस मार्च १९१७ मध्ये सिंहासन वाचवायला धडपडत होता. निकोलसने गादी सोडल्यावर त्याचा भाऊ मिखाईल याने ती नाकारावी असं बहुतेक सहकारी म्हणत असताना ते एकटे पडल्यासारखे त्याला ती घे म्हणून विनवत राहिले. युद्ध चालू ठेवण्याचा हट्टही त्यांचाच. या दोन्ही गोष्टी मूळ लेखात मी एका ओळीत उरकल्या, ते चुकलं. आज तो भाग वाढवतो.

पण ‘झारचीच माणसं’ हे तुमचं वाक्य मी मान्य करणार नाही. त्यांना दोन्ही बाजूंनी मारलं. १९१८ च्या जानेवारीत शिंगारयोव्ह आणि कोकोश्किन हे दोन कॅडेट नेते पेत्रोग्राडच्या इस्पितळात, कैदी म्हणून, खाटेवरच मारले गेले. मारणारे क्रांतीच्या बाजूचे खलाशी. १९२२ मध्ये बर्लिनच्या सभेत मिल्युकोव्हांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा नाबोकोव्हांनी हल्लेखोरावर झडप घातली आणि दुसऱ्याच्या गोळीने ते गेले. ते दोघे हल्लेखोर राजसत्तावादी होते.