परदेशातून : बाटलीच्या मागच्या दोन ओळी

आत्याची स्तनाच्या कर्करोगावरची केमो सुरू झाली त्या आठवड्यात एकाच दिवशी मला तीन नातेवाइकांचे फोन आले. तिघांचं मागणं एकच. "येताना बेरीच्या कॅप्सूल आण गं. तुमच्या अमेरिकेत सहज मिळतात म्हणे, कॅन्सरवर फार चांगल्या." रात्री घरच्या ग्रुपवर दोन तट पडले. एकाचं म्हणणं, तिकडे यावर एवढं संशोधन झालंय, आपले डॉक्टर मुद्दाम सांगत नाहीत. दुसऱ्याचं म्हणणं, सगळं थोतांड आहे, फळं खाऊन कधी कॅन्सर टळलाय का? दोन्हीकडची माणसं माझीच, आणि आत्याच्या काळजीपोटीच भांडत होती. पण मला दोन्ही बाजू पटल्या नाहीत.

थोतांड नाही, हे आधी सांगते. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत गॅरी स्टोनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं काळ्या रासबेरीवर काम केलं. गोठवून सुकवलेल्या फळांची पावडर उंदरांच्या खाद्यात मिसळली, कर्करोग घडवणारं रसायनही दिलं. पावडर खाणाऱ्या उंदरांच्या अन्ननलिकेत आणि मोठ्या आतड्यात गाठी स्पष्टपणे कमी झाल्या. फळाला गडद रंग देणारी अँथोसायनिन आणि त्यांच्या जोडीचं एलॅजिक अ‍ॅसिड प्रयोगशाळेत दाह कमी करतात, बिघडलेल्या पेशींची वाढ रोखतात. माणसांवरही काम झालंय. अन्ननलिकेत कर्करोगपूर्व बदल झालेल्या लोकांना चीनमध्ये सहा महिने स्ट्रॉबेरीची पावडर दिली गेली. तो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज ६० ग्रॅम घेणाऱ्या ३६ जणांपैकी २९ जणांच्या तपासणीत ते बदल सौम्य झालेले दिसले. रोज ३० ग्रॅम घेणाऱ्यांत तसा परिणाम दिसला नाही.

आता तो ६० ग्रॅमचा आकडा नीट बघा. स्ट्रॉबेरीत नव्वद टक्के पाणी असतं. म्हणजे ही पावडर अर्ध्या किलोहून जास्त ताज्या फळांची झाली, तीही रोज, सहा महिने. कॅप्सूलमध्ये अशी पावडर जेमतेम अर्धा-पाऊण ग्रॅम मावते. शिवाय त्या अभ्यासात पावडर न घेणारा तुलनेचा गट नव्हता, त्यामुळे काहींचे बदल आपोआप ओसरले असते का, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. आणि ती माणसं कॅन्सरची रुग्ण नव्हती, उंबरठ्यावर होती. प्रतिबंधाचं संशोधन आपण ग्रुपवर उपचाराचं म्हणून फिरवतो, तिथेच सगळी गफलत होते.

मला सगळ्यात विलक्षण वाटला तो आणखी एक छोटा अभ्यास. आतड्यात शेकडो गाठी उगवणाऱ्या एका आनुवंशिक आजाराच्या १४ रुग्णांवर तो झाला, नऊ महिने चालला. काळ्या रासबेरीची औषधी वडी गुदमार्गातून दिली तेव्हा तिथल्या गाठी कमी झाल्या. जोडीला तीच पावडर तोंडाने दिली, तर जादा फायदा दिसला नाही. म्हणजे फळातली द्रव्यं जिथे प्रत्यक्ष टेकतात तिथे काम करतात, असं दिसतं. तोंड, अन्ननलिका, आतडं ही त्यांच्या वाटेवरची ठिकाणं. स्तनापर्यंत जायचं तर रक्तातून जावं लागतं, आणि अँथोसायनिन तिथवर अखंड फारसं पोचतच नाही. आतड्यात त्याचे तुकडे होतात. एलॅजिक अ‍ॅसिडपासून युरोलिथिन नावाची द्रव्यं बनतात, पण ती बनवणारे जिवाणू प्रत्येकाच्या पोटात नसतात. एकाच वाडग्यातून फळं खाणाऱ्या दोघांच्या शरीरात दोन वेगळ्या गोष्टी घडू शकतात. चार दिवस चाललेल्या आमच्या वादात हा प्रश्न एकदाही आला नाही.

"नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना?" हे वाक्य मात्र दहा वेळा आलं. बीटा-कॅरोटीनही नैसर्गिकच आहे. ते भरपूर असलेल्या भाज्या-फळं खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसे, म्हणून फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर चाचणी झाली. निकाल १९९४ मध्ये आला. बीटा-कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच मोठी चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. फळात असताना गुणाचं वाटलेलं द्रव्य वेगळं काढून मोठ्या डोसात दिल्यावर उलटलं. आत्याच्या डॉक्टरांना केमो चालू असताना अशा गोळ्या नको असतात त्यालाही कारण आहे. काही औषधं आणि रेडिएशन पेशींचं ऑक्सिडेशन घडवूनच कर्करोग मारतात. तिथे अँटिऑक्सिडंटचा, म्हणजे ऑक्सिडेशन रोखणाऱ्या द्रव्यांचा, मारा आड येण्याची भीती असते. डॉक्टर काही लपवत नाहीत.

"परदेशात मिळतं म्हणजे तपासलेलं असणार" हा घरचा विश्वास मला इथे राहून सगळ्यात जास्त टोचतो. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने अशा कॅप्सूल आहारपूरक ठरतात. गुण सिद्ध करून सरकारी मंजुरी घ्यायची आणि मग विकायच्या, अशी अट औषधाला असते, यांना नाही. मी दुकानात जाऊन बाटली हातात घेतली. समोर फळांचं सुंदर चित्र. मागे बारीक अक्षरांत दोन ओळी : या दाव्याचं सरकारी यंत्रणेने मूल्यमापन केलेलं नाही, कोणत्याही आजाराचं निदान, उपचार किंवा प्रतिबंध करण्यासाठी हे उत्पादन नाही. हजारो मैलांवरून आपण आशेने मागवतो त्या बाटलीवरच हे छापलेलं असतं.

थोतांड म्हणणाऱ्या काकांनाही मी एक गोष्ट सांगितली. आत्याच्या सलाइनमधून जाणारं पॅक्लिटॅक्सेल मुळात पॅसिफिक यू या झाडाच्या सालीत सापडलं. रक्ताच्या कर्करोगावरचं व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीतलं. वनस्पतीतून औषध येतं, पण ते वेगळं काढून, मोजून, वर्षानुवर्षं माणसांवर तपासून. बेरी त्या वाटेवर आहेत, अजून पोचलेल्या नाहीत.

मग आत्यालाच फोन केला आणि त्या दोन ओळी मराठीत करून वाचून दाखवल्या. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "फळं खाल्ली तर चालतील का गं?" मी म्हटलं, तुझ्या डॉक्टरांना विचार, पांढऱ्या पेशी किती आहेत तेही विचार. तिने विचारलं. स्वच्छ धुऊन खा, म्हणाले, कॅप्सूल नको. पुढच्या महिन्यात मी जातेय. बाटली आणणार नाही, हे तिघांनाही कळवलंय.