न्हा ट्रांगची एक दिवसाची सिटी टूर : पैसे पाण्यात जातात का?

व्हिएतनामला निघालेल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा गोषवारा असा : न्हा ट्रांगला सिटी टूर घेऊ नका. समुद्र सोडला तर त्या शहरात काही नाही. जी चार ठिकाणं आहेत ती ग्रॅबने (ॲपवरून मागवायच्या टॅक्सीने) निम्म्या पैशांत होतात. गाइडचं इंग्रजी कळत नाही, टूरवाले दुकानांतच फिरवतात, शाकाहारी माणूस उपाशी राहतो. त्यापेक्षा स्कूटर भाड्याने घ्या, नाहीतर सरळ बेटांची बोट पकडा.

यातल्या काही तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या त्या जागी तसं लिहिलंही आहे. पण पहिलं विधान साफ चुकीचं आहे. नुकसान त्यानेच जास्त होतं, म्हणून त्याला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

“समुद्र सोडला तर तिथे काही नाही”

शहराच्या उत्तरेला काइ नदी समुद्राला मिळते. तिथे सोम बाँग पुलापलीकडच्या टेकडीवर पो नगर हा चाम लोकांचा मंदिरसमूह आहे. चंपा हे चाम लोकांचं जुनं राज्य. त्याचा हा भाग कौठार म्हणून ओळखला जाई. इथलं जुनं लाकडी देऊळ ७७४ साली समुद्रमार्गे आलेल्या हल्लेखोरांनी जाळलं. दहा वर्षांनी, ७८४ साली, सत्यवर्मन राजाने ते नव्याने बांधून काढलं. ९१८ साली इथे भगवतीची सोन्याची मूर्ती बसवली गेली. ती ख्मेर (कंबोडियाच्या) फौजेने लुटून नेली, तेव्हा ९६५ साली तिच्या जागी दगडी मूर्ती आली. हा सगळा तपशील संस्कृत आणि चाम भाषेतल्या शिलालेखांमुळे कळतो. त्यांपैकी काही लेख आजही मुख्य देवळाच्या दगडी दारचौकटीवर, हाताच्या अंतरावर आहेत. माणसं त्याच चौकटीला टेकून फोटो काढतात आणि निघून जातात, कारण ते काय आहे हे सांगणारं शेजारी कुणी नसतं.

गाइडबरोबर गेलात तर इथे निदान सव्वा तास मागून घ्या आणि खालून वर असा क्रम ठेवा. पायथ्याला आधी मंडप लागतो. विटांचे १० मोठे आणि १२ लहान अष्टकोनी खांब उरले आहेत, छप्पर नाही. मंडपातून थेट मुख्य देवळाकडे चढणाऱ्या अतिशय उभ्या पायऱ्या दिसतात. त्या आता वापरात नाहीत, वर जायला बाजूचा जिना आहे. वर चार देवळं शिल्लक आहेत. विटांचे सांधे जवळून पाहा : मधे चुना-मातीचा थर दिसतच नाही. चाम कारागिरांनी हे नेमकं कसं साधलं यावर अभ्यासकांत अजून वाद आहे.

मुख्य देवळाच्या दारावर चार हातांची एक आकृती प्राण्यावर उभी कोरलेली आहे. पुष्कळ पर्यटन पुस्तिका तिला नंदीवर नाचणारा शिव म्हणतात. अभ्यासकांच्या मते ती महिषासुरमर्दिनी आहे. मराठी माणसाला तो रेडा आणि ती देवी ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही. गाइडला थांबवून मुद्दाम विचारा. त्याला दोन्ही मतं माहीत असतील तर माणूस चांगला मिळाला असं समजा. आत दहा हातांची देवी बसलेली आहे, पण वस्त्रांमुळे चेहऱ्याखेरीज फारसं काही दिसत नाही. व्हिएतनामी लोक तिला थिएन य आ ना या नावाने पुजतात. त्यांच्या चांद्र पंचांगातल्या तिसऱ्या महिन्यात २० ते २३ तारखांना तिची मोठी जत्रा भरते. हे नांदतं देवस्थान आहे. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत, नसतील तर दारापाशी करडे झगे घालायला मिळतात. चपला बाहेर काढायच्या, गाभाऱ्यात फोटो काढायचे नाहीत.

आणखी एक. न्हा ट्रांगजवळच्या वो कान्ह गावात सापडलेला शिलालेख आग्नेय आशियातल्या सर्वांत जुन्या संस्कृत लेखांत मोडतो. तो पाहायला इथे शोधाशोध करू नका. तो हनोईच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे.

दुसरी जागा मुंबई-पुणेकरांनी तरी चुकवू नये : अलेक्झांद्र येर्सिनचं संग्रहालय. १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू शोधणारा हा डॉक्टर न्हा ट्रांगला स्थायिक झाला. १८९५ साली त्याने इथे प्रयोगशाळा उभारली आणि घोड्यांच्या रक्तापासून प्लेगविरोधी रक्तद्रव (सीरम) बनवायला घेतला. १८९६ साली मुंबईत प्लेग उसळला आणि १८९७ च्या मार्चमध्ये येर्सिन तो रक्तद्रव घेऊन मुंबईत आला. तिथे त्याचा गुण आशेइतका आला नाही. त्याच वर्षी मुंबईतच हाफकिनने आपली लस तयार केली होती आणि पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरून रँडचा खून झाला. पुढच्या वर्षी, येर्सिनच्या जागी आलेल्या सिमाँ या डॉक्टरने, प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हा दुवा कराचीत शोधला. आपल्या शाळेच्या इतिहासातला एवढा मोठा धागा न्हा ट्रांगच्या किनाऱ्यावरच्या पाश्चर संस्थेत येऊन मिळतो. येर्सिनची उपकरणं, दुर्बीण, पुस्तकं तिथे ठेवलेली आहेत. १९४३ साली तो याच शहरात वारला. बहुतेक तयार टूरमध्ये हे संग्रहालय नसतं. बुकिंग करतानाच ते घालायला सांगा, बदल्यात टूरमधले होन चाँगचे समुद्रकाठचे खडक गाळा.

उरलेली ठिकाणं थोडक्यात. लाँग सोन पॅगोडामागच्या टेकडीवर, १५२ पायऱ्या चढून, पांढरा बसलेला बुद्ध आहे. बैठकीभोवती ज्वाळांनी वेढलेले सात चेहरे कोरले आहेत. दक्षिण व्हिएतनामच्या दिएम सरकारने बौद्धांवर केलेल्या दडपशाहीविरुद्ध १९६३ साली आत्मदहन केलेल्यांचे ते चेहरे. साइगॉनच्या चौकात जळत्या अवस्थेतला ज्यांचा फोटो जगभर गेला ते भिक्षू थिक क्वांग डुक याच खान्ह होआ प्रांतात जन्मलेले. हे ठाऊक नसेल तर ती एक मोठी पांढरी मूर्ती, बस. दगडी चर्च १९२८ ते १९३३ या काळात बांधलं गेलं. चढावरच्या भिंतीत मृतांच्या अस्थींचे कोनाडे आहेत, तिथे आवाज खाली ठेवावा. काउ दा बंदराजवळच्या सागरविज्ञान संस्थेत (स्थापना १९२२) देवमाशाचा सुमारे १८ मीटर लांब सांगाडा आहे. मुलं बरोबर असतील तर ही जागा हमखास ठेवा.

“ग्रॅबने निम्म्या पैशांत होतं”

निव्वळ गाडीभाडं पाहिलं तर हो. ठिकाणं शहरातच आहेत, तिकिटं बहुतेक ३० ते ४० हजार डाँगच्या घरात, म्हणजे १०० ते १३५ रुपये. (डाँगच्या आकड्यावरची दोन शून्यं काढून तिनाने भागा, रुपये अंदाजे कळतात.) लाँग सोनला तर तिकीटच नाही. चौघं असाल तर ग्रॅब नक्की स्वस्त.

पण ग्रॅबचा चालक दारात सोडतो, पुढे काही नाही. शिवाय या शहराचं वेळापत्रक अनोळखी माणसाला अडकवतं. येर्सिन संग्रहालय सकाळी साडेअकराच्या सुमारास बंद होतं ते दोनला उघडतं, आणि शनिवार-रविवारी उघडं मिळेलच असं नाही. चर्चही दुपारी बंद. आरामात नाश्ता करून दहाला निघालेला माणूस पो नगरला ऐन उन्हात आणि मोठ्या बसगाड्यांच्या गर्दीत पोचतो, आणि बाराला संग्रहालयाच्या बंद दारासमोर उभा राहतो. मग “काही नाही तिथे” असा निरोप गटावर येतो.

जमणारा क्रम असा : साडेसातला पो नगर, नऊनंतर लाँग सोन (पायऱ्या उघड्यावर आहेत, पाणी जवळ हवं), सव्वादहाला येर्सिन, साडेअकराला जेवण, दीडला दिवसभर उघडी असणारी सागरविज्ञान संस्था, परतताना साडेतीनला चर्च. टूरवाल्याचा कार्यक्रम याच्या उलटा असेल, किंवा पो नगरला अर्धाच तास दिला असेल, तर ती टूर घेऊ नका. ‘आठला पिकअप’ याचा अर्थही विचारून घ्या. सात हॉटेलं फिरून सगळ्यांना गोळा करण्यात पाऊण तास सहज जातो. आणि काम रान्ह विमानतळाकडच्या बाई दाई किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये उतरला असाल तर ते शहरापासून बरंच दूर आहे. तिथलं पिकअप बहुधा धरलेलं नसतं. वेगळे पैसे पडतात किंवा स्वतः शहरात यावं लागतं.

“गाइडचं इंग्रजी कळत नाही”

ही तक्रार खरी आहे, पण तिचं कारण बहुतेक वेळा गाइड नसून मिश्र गट असतो. तीस जणांच्या बसमध्ये वीस व्हिएतनामी प्रवासी असले की दहा मिनिटं व्हिएतनामी आणि दोन मिनिटं इंग्रजी असा हिशेब होतो. शिवाय या शहरात रशियन, कोरियन, चिनी पाहुणे भरपूर येतात आणि अनेक अनुभवी गाइड त्या भाषांचे आहेत. म्हणून पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा : गट फक्त इंग्रजीचा आहे का, कमाल किती माणसं, आणि गाइडकडे आंतरराष्ट्रीय कार्ड आहे का. व्हिएतनामच्या कायद्यानुसार परदेशी पाहुण्यांना फिरवणाऱ्याकडे हे कार्ड हवंच, आणि ते फक्त व्हिएतनामी नागरिकाला मिळतं. देशांतर्गत पर्यटकांचं कार्ड वेगळं असतं. ते दाखवून कुणी इंग्रजी टूर चालवत असेल तर नको म्हणा.

उच्चारांची सवय व्हायला थोडा वेळ लागतो. व्हिएतनामी बोलताना शब्दाच्या शेवटचं व्यंजन पुष्कळदा गिळलं जातं, तीच लकब इंग्रजीतही उतरते. सालं आणि नावं वहीत लिहून मागा, गाइड आनंदाने लिहून देतात.

“दुकानांतच फिरवतात”

स्वस्त टूरमध्ये हे होतं. खान्ह होआ प्रांत पाकोळ्यांची खाण्याची घरटी आणि अगरू (सुगंधी लाकूड) यांसाठी प्रसिद्ध आहे. मोती आणि हातभरतकामाची दालनंही असतात. कार्यक्रमपत्रिकेत ‘पारंपरिक कलादालन’, ‘स्थानिक उत्पादन केंद्र’ असं काही दिसलं की ते दुकान आहे असं धरा, आणि तिथे किती मिनिटं जाणार ते विचारा. दिवसात असा एक थांबा चालेल. तीन असतील तर टूर इतकी स्वस्त का, याचं उत्तर तेच. खरेदीची सक्ती कुणी करू शकत नाही. बाहेर थांबलात तरी चालतं.

लाँग सोनच्या आवारात मात्र वेगळी सावधगिरी हवी. गळ्यात ओळखपत्र अडकवून ‘मी मठातला’ म्हणत माहिती सांगू लागणारे आणि नंतर उदबत्तीचे, पोस्टकार्डांचे पैसे मागणारे तिथे भेटतात. गाइड सोबत असला की हे लोक जवळ येत नाहीत. एकटे असाल तर हसून मान हलवा आणि चालत राहा. द्यायचंच असेल तर आतल्या दानपेटीत टाका.

“शाकाहारी उपाशी राहतो”

नीट सांगितलं नाही तर राहतो. टूरचं जेवण सहा-आठ जणांच्या टेबलावर वाटून खायचं असतं : मासा, कोळंबी, सूप, भाजी, भात. भाजी हिरवी दिसली तरी तिच्यात नुओक माम, म्हणजे माशांचा खारा रस, किंवा कालवांचा सॉस असू शकतो. ‘व्हेज’ म्हटलं की स्वयंपाकी फक्त मांसाचे तुकडे काढतो. ‘आन चाय’ म्हणा. हा बौद्ध शाकाहार, त्यात मासळीचा रसही चालत नाही. कडक चाय स्वयंपाकात कांदा-लसूणही वर्ज्य असतो, म्हणून जैन मंडळींनाही तो सोयीचा पडतो. हे बुकिंगच्या वेळी सांगायचं आणि आदल्या संध्याकाळी पुन्हा कळवायचं. त्याहून सोपं म्हणजे जेवण वगळून टूर घ्यावी आणि गाइडला ‘कॉम चाय’ पाटीच्या खानावळीत न्यायला सांगावं. टोमॅटोच्या रश्शातलं टोफू आणि भात तिथे पोटभर मिळतो. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पुष्कळ व्हिएतनामी लोक मांसाहार करत नाहीत. त्या दिवशी या खानावळींत गर्दी असते, जरा लवकर जा.

“स्कूटर घ्या, नाहीतर बेटांची बोट”

स्कूटरचा सल्ला धोक्याचा आहे. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या करारानुसार असतो, व्हिएतनाम १९६८ च्या कराराचा परवाना मानतं. दुकानदार काही न विचारता किल्ली देतो, पण अपघात झाला की विमा कंपनी वैध परवाना मागते आणि दावा तिथेच अडकतो. वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. दारूची मर्यादा शून्य आहे, एक बिअरही चालत नाही.

बेटांची टूर चांगली असते, पण ती दुसरीच गोष्ट आहे. ती पोहणं आणि बोटीसाठी घ्यायची. होन मुन बेटाभोवतालचं प्रवाळ इतकं खराब झालं, की जून २०२२ मध्ये तिथलं डायव्हिंग थांबवावं लागलं होतं. म्हणून आज कुठे उतरवणार आहेत हे आधी विचारा. ऑक्टोबर ते डिसेंबर या पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद राहतात. शहरातली ठिकाणं तेव्हाही पाहता येतात, छत्री असली की झालं.

हातात एकच सकाळ असेल, किंवा बरोबर आजी-आजोबा असतील आणि १५२ पायऱ्या नको असतील, तर पूर्ण दिवसाच्या टूरचा हट्ट धरू नका. इंग्रजी बोलणारा कार्डधारक गाइड चार तासांसाठी घ्या, गाडी ग्रॅबची करा, आणि त्या चार तासांत फक्त पो नगर आणि येर्सिन पाहा. टूर कंपन्यांकडे अशी अर्ध्या दिवसाची सोय मागितली की मिळते. जाहिरातीत ती ठळक लिहिलेली नसते.