ब्लूज, बदकं आणि बाबा

मेम्फिसला मुक्काम करायचा हट्ट माझा होता. डॅलसहून नॅशव्हिलला जायचं तर वाटेत रात्र काढणं आलंच. मग ती हायवेकाठच्या कुठल्यातरी मोटेलात काढण्यापेक्षा ब्लूजच्या, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या त्या दर्दभऱ्या संगीताच्या, गावात काढू, एवढंच माझं म्हणणं. पण गाडीत आई, बाबा, बायको आणि सहा वर्षांचा लेक असला की आपल्या म्हणण्याला मागच्या सीटवरच्या सामानाइतकीच किंमत उरते.

आर्कान्सा संपून मिसिसिपीवरचा पूल आला तशी आईने पर्स उघडली.

"काच खाली कर रे. एवढी मोठी नदी, रिकाम्या हाताने कशी ओलांडायची?"

मागे अठरा चाकांचा ट्रक लागलेला. नाणं बाहेर गेलं. ते नदीला पोचलं की ट्रकला, हे आरशात बघायचं मी टाळलं.

संध्याकाळ बदकांनी खाल्ली. पीबॉडी नावाच्या भारी हॉटेलात रोज सकाळी ११ वाजता पाच बदकं गच्चीवरून लिफ्टने खाली येतात, लाल गालिच्यावरून चालत लॉबीतल्या संगमरवरी कारंज्यात उतरतात आणि ५ वाजता त्याच थाटात परत जातात. १९३० च्या दशकापासून हे चालू आहे. दिमतीला लाल कोटातला, हातात काठी घेतलेला मानकरीसुद्धा आहे. आम्ही जागा धरून ताटकळलो. पाच वाजले, बँडचं संगीत वाजलं, बदकं तुरुतुरु लिफ्टमध्ये शिरली, दार बंद. लेक म्हणाला, "पुन्हा!" पुन्हा म्हणजे दुसऱ्या दिवशी ११ वाजता. सकाळी लवकर निघण्याचा बेत तिथल्या तिथे बुडाला.

मग जेवण. मेम्फिस हे बार्बेक्यूचं गाव, आणि इथे बार्बेक्यू म्हणजे डुक्कर. तासन्‌तास धुरावर शिजवलेल्या, कोरडा मसाला चोळलेल्या बरगड्या. स्पॅगेटीतसुद्धा तेच मांस घालतात. आई-बाबा शुद्ध शाकाहारी. मी पालेभाजीकडे बोट दाखवलं. वाढणाऱ्या बाई फार प्रेमळ होत्या. म्हणाल्या, "मांस नाही हो त्यात, थोडं डुक्कर आहे, चवीपुरतं." घेवड्याच्या उसळीचंही तेच. शेवटी आईने डब्यातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. बाई वाकून बघायला लागल्या, म्हणून आईने त्यांना थोडी चटणी देऊ केली. त्यांना ठसका लागला आणि आईच्या मते हिशेब फिटला.

अखेर बील स्ट्रीट! डब्ल्यू. सी. हँडी यांनी १९१२ साली 'मेम्फिस ब्लूज' छापून हे संगीत कागदावर आणलं, पुढे बी. बी. किंगसारखे लोक इथे वाजवून मोठे झाले, आणि १९७७ साली अमेरिकी काँग्रेसने हा रस्ता ब्लूजचं माहेरघर म्हणून रीतसर जाहीर केला. हे सगळं मी गाडीत दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा बाबा झोपले होते.

एका क्लबात टेबल मिळालं. निळा सूट घातलेले एक म्हातारे गृहस्थ गिटार घेऊन गात होते. बाबा सवाई गंधर्वला वर्षानुवर्षं पुढे बसणारे. चेहऱ्यावर परीक्षकाचा भाव.

"बायको सोडून गेली, कळलं," बाबा म्हणाले. "पण तेच दोनदा का सांगतोय?"

"तुम्ही पाठदुखी किती वेळा सांगता?" आई म्हणाली.

बाबा गप्प झाले, आणि थोड्या वेळाने त्यांचा हात मांडीवर पडायला लागला. टाळी, टाळी, खाली, टाळी. दोन कडवी तसंच चाललं. मग एकदम माझा दंड धरून म्हणाले, "अरे, हा तीनताल आहे! एका ओळीला सोळा मात्रांचं एक आवर्तन. अर्ध्यात हा गातो, उरलेल्यात गिटार जागा भरते. तीच ओळ पुन्हा. तिसऱ्यात उत्तर. तीन आवर्तनं, ४८ मात्रा, की आला समेवर!"

मी मोजलं. ब्लूजच्या कडव्याचे बारा बार, म्हणजे तालाचे खंड, प्रत्येकी चार ठोके. अठ्ठेचाळीसच! इतकी वर्षं मी ब्लूज ऐकतोय, पुस्तकं वाचतोय, मला हे कधी सुचलं नव्हतं. थोडा रागच आला.

पुढच्या समेला बाबांनी खणखणीत "वाऽ!" दिली. निळ्या सूटने चमकून पाहिलं, हसला, आणि तिथून पुढे प्रत्येक कडवं आमच्या टेबलाकडे बघून गायला लागला. दोघांची मैफल अशी रंगायला आणि लेकाला झोप अनावर व्हायला एकच गाठ पडली. ज्याचा हट्ट त्यानेच उठावं, असं बायकोच्या नजरेने ठरवलं.

पार्किंगमधल्या गाडीत मांडीवर लेक, अंगात घाम, आणि लांबून फक्त ढोलाचा दणका. बाराच्या सुमाराला बायकोचा फोन आला.

"आई पेंगतायत, आणि बाबा उठायला तयार नाहीत. म्हणतात, भैरवी झाल्याशिवाय उठणं बरं दिसत नाही."

क्लब पहाटेपर्यंत उघडा असतो, हे त्यांना कुणी सांगायचं?