भरीत शेतात भाजा, मुक्कामाला सातपुड्यात जा

थंडी पडली की आपल्या खान्देशात दोन बेत हमखास ठरतात: भरीत पार्टी आणि सातपुड्यात मुक्काम. आता बऱ्याच ग्रुपवर दोन्ही एकत्र करायचं चाललंय. सातपुड्यातल्या पाल गावाकडे नाहीतर तोरणमाळला तंबू ठोकायचा, समोर शेकोटी पेटवायची आणि त्याच निखाऱ्यावर वांगी टाकायची. भावांनो, माझं स्पष्ट मत आहे. मुक्काम जरूर करा, पण बिनशेकोटीचा करा, आणि हे घरून निघण्याआधीच ठरवा, कारण सगळी तयारी त्यावरच अवलंबून आहे.

जानेवारी लागला की सातपुड्यातली जमीन जरा वाकून बघा. सागाचं एकेक पान पत्रावळीएवढं, वाळून कडक झालेलं, आणि त्यांचा थरावर थर. त्यात ठिणगी शिरली तर वरून काहीच दिसत नाही. आतल्या आत धुमसत राहतं. सकाळी आपण पाणी ओतलं म्हणून निर्धास्त निघतो आणि दुपारी वारा सुटतो. मग वनमजूर आणि पाड्यावरची पोरं हिरव्या फांद्यांनी ती आग झोडपत डोंगर चढतात. वणव्याचा हंगाम तोंडावर आला की हेच लोक उन्हात जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून पालापाचोळा काढून मोकळे केलेले पट्टे, काढत असतात. त्यांच्या कष्टाची थोडी तरी चाड ठेवूया.

यावल, अनेर, गौताळा ही अभयारण्यं आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम ३० सांगतं की अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायची नाही, पेटती सोडायचीही नाही. कलम २७ मध्ये कचरा टाकायलाही मनाई आहे. म्हणजे प्लेट आणि बाटल्यांचं पोतं परत गाडीतच.

‘मग थंडीचं काय?’ हा प्रश्न रास्त आहे. हजार मीटर वर चढलं की तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं. तोरणमाळ अकराशे मीटरच्या वर आहे. खाली शहाद्यात रात्री १० अंश असतील तर वर ४ धरूनच कपडे भरा. अंगावरच्या पांघरुणापेक्षा अंगाखालचं अंथरूण महत्त्वाचं, कारण जमीनच ऊब शोषून घेते. जाड फोमची मॅट घ्या. तंबू नाल्यात किंवा खोलगट जागी नको. गार हवा तिथेच साचते. वाळक्या फांद्यांखालीही नको. आणि थंडी वाजते म्हणून तंबूची वरची जाळी बंद करू नका. श्वासाची वाफ कापडावर धरते, पहाटे थेंब टपकतात आणि पांघरूण ओलं होतं. दाराची चेन मात्र पूर्ण लावा. बूट आत घ्या, सकाळी झटकूनच पाय घाला. विंचवाला तीच जागा आवडते.

खाण्याचा पदार्थ मात्र तंबूत एकही नको. सातपुड्यात अस्वल आहे, बिबट्या आहे.

राहिलं भरीत. ते यावल-रावेरच्या शेतातच करा ना! कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजा, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात घालून ठेचा आणि डबा भरून वर न्या. कळण्याच्या भाकरीबरोबर गार भरीतही झकास लागतं.

शेकोटी नसली की रात्र रिकामी जाते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा अर्धा तास बॅटरी आणि मोबाईल बंद ठेवून बसावं. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. जाळाकडे बघत बसणाऱ्याला ते आभाळ कधी दिसतच नाही. रातवा ओरडतो, पिंगळा ओरडतो, खाली कुठेतरी सांबर दचकून आवाज देतं. हे ऐकायला आपण इतके वर चढलो. स्पीकर लावायचा असेल तर जळगावात हॉल आहेत.

खान्देशात राष्ट्रीय उद्यान नाही. सातपुड्याच्याच रांगेतलं गुगामल पलीकडे मेळघाटात आहे, आणि तिथे मन मानेल तिथे तंबू ठोकता येत नाही. आपल्याकडेही तेच हवं. वनखात्याने पालला, तोरणमाळला तंबूच्या जागा आखून द्याव्यात, संख्या मोजकी ठेवावी, दगडांनी बांधलेली एकच सामाईक शेकोटी असावी आणि हे सगळं तिथल्याच पावरा, भिल्ल, तडवी पोरांच्या हाती द्यावं. पैसा पाड्यावर राहील आणि लक्षही राहील.

तोवर निघण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारा: रात्री राहायची परवानगी कुठे आहे, पाणी कुठे मिळेल, जनावराचा वावर कुठे आहे. तोरणमाळला महाशिवरात्रीच्या यात्रेचे दिवस टाळा. आणि परवानगी नाही म्हणाले तर तंबू शेतातच लावा, भरीत गरम मिळेल.