पैसे किती, याइतकंच महत्त्वाचं आहे ते कधी पडतात

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमचा पसरा, म्हणजे किराणा दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केला, आता मी आणि यजमान चालवतो. साखर, नारळाचं तेल, साबण, काडेपेटी, सुकी मासळी आणि गल्ल्याशेजारी उधारीची वही. सरकार लोकांच्या खात्यात थेट जे पैसे घालतं त्यावर हल्ली फेसबुकवर खूप लिहिलं जातं. ‘फुकटचे पैसे’, ‘लोक आळशी झाले’, ‘मतं विकत घेतली’. मी हे सगळं वाचते, आणि मला राग येतो. हे लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांनी महिनाअखेरीला एखादी बाई दुकानाच्या पायरीवर उभी राहून आत यावं की नको याचा विचार करताना बघितली आहे? आम्ही रोज बघतो. म्हणून आज लांबलचक लिहितेय, वेळ असेल तर वाचा.

महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना वाटतं की बायकांच्या खात्यात १५०० रुपये घालण्याची गोष्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेपासून सुरू झाली. गोव्यात गृह आधार २०१२ पासून आहे. मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना आली. महागाईत घर चालवणाऱ्या गृहिणीला हातभार, हा तिचा हेतू. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला तीन लाखांच्या आत हवं आणि बाई पंधरा वर्षं गोव्यात राहिलेली हवी. सुरुवातीला महिन्याला १००० रुपये मिळायचे, पुढे १२०० झाले, २०१६ मध्ये १५००. त्याच्याही आधीपासून ज्येष्ठ नागरिक, एकट्या बायका आणि दिव्यांगांसाठी गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकरांच्या नावाची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे. तिची रक्कम २०१२ मध्ये २००० झाली. दोन्ही योजनांचे लाभार्थी प्रत्येकी लाखाच्या वर आहेत. एवढ्याशा राज्यात हा आकडा लहान नाही. आमच्या वाड्यावर तर असं घर शोधावं लागेल जिथे या दोनपैकी एकही पैसा येत नाही.

आता आळसाचा मुद्दा. १५०० भागिले ३०, म्हणजे दिवसाचे ५० रुपये. ५० रुपयांसाठी हातातली मजुरी सोडणारी बाई मला दाखवा. काजूच्या हंगामात बागायतदार येऊन बसतात आणि म्हणतात, बिया वेचायला माणूस मिळत नाही, सरकारने लोकांना बिघडवलं. अहो, ज्या घरात पोरगा बारावी झाला, वेर्ण्याच्या किंवा पिळर्ण्याच्या कारखान्यात लागला, त्या घरातून तीन महिन्यांच्या कामासाठी कोण येणार? माणूस न मिळण्याचं कारण तिथे आहे. आईच्या खात्यातल्या १५०० रुपयांशी त्याचा संबंध जोडणं हा अन्याय आहे.

मग या पैशांचं होतं काय? रेशनवर तांदूळ मिळतो, तो आता फुकटही आहे. पण तांदूळ शिजवायला गॅस लागतो. जेवणात नुसती पेज किती दिवस चालेल? साबण रेशनवर मिळत नाही, तेल मिळत नाही, पोरीचे पॅड मिळत नाहीत, मोबाइलचा रिचार्ज मिळत नाही. घरात पोटभर भात असूनही माणूस हातात रोकड नसल्यामुळे कसा अडतो, हे पगारदार माणसाला समजावून सांगणं कठीण जातं. पैसे पडले की आमच्याकडे पहिल्या दोन दिवसांत काय खपतं ते सांगते: तेल, डाळ, अंडी, कपड्यांचा साबण, दुधाची पावडर. शाळा सुरू व्हायच्या सुमाराला वह्या. मे महिन्यात पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीचं सामान: सुके बांगडे, सुंगटं (कोळंबी), कोकम, मिरची, मीठ. पावसात नदी भरली, मजुरी बंद झाली, तर घरात हेच असतं. पुरुमेंत एकदम भरायला एकरकमी रोकड लागते. ज्याच्याकडे ती नसते तो तेच सामान जुलैत थोडं थोडं, महाग दराने, उधारीवर नेतो. आमच्याकडूनच नेतो, म्हणून मला माहीत आहे.

म्हाताऱ्यांचं वेगळं. गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या सरकारी इस्पितळात, उपचारांचा फारसा खर्च येत नाही, हे खरं. पण वाळपईहून बांबोळीला जायचं म्हणजे बस बदलायची, सोबत कोणाला तरी न्यायचं, त्या सोबत्याची त्या दिवसाची मजुरी बुडवायची, दुपारी दोघांनी काहीतरी खायचं. आमच्या शेजारच्या आजीला दर महिन्याला बीपीची तपासणी असते. दयानंदचे पैसे मिळायला लागण्याआधी ती मुलाला सांगायचीच नाही. उगाच खर्च नको म्हणून गोळ्या दिवसाआड घ्यायची. आता ती स्वतः नातवाला म्हणते, ‘चल रे, तिकीट हांव काडटां’ (तिकीट मी काढते). तिच्या आवाजात हे म्हणताना जो रुबाब असतो तो कुठल्याही सरकारी अहवालात मोजला जाणार नाही, पण मला तो पैशांइतकाच मोलाचा वाटतो.

वहीतही एक बदल झाला. पूर्वी पानावर नाव पुरुषाचं असायचं. बाई येऊन सामान न्यायची, हिशेब नवऱ्याच्या नावावर, फेडायचा की नाही तो नवरा ठरवणार. आता बऱ्याच बायकांची स्वतःची पानं आहेत. ती येते, म्हणते माझ्या नावावर लिहा, पैसे पडले की देते. आणि देते. काही नवऱ्यांना हे आवडलं नाही. एटीएम कार्ड नवऱ्यानेच ठेवून घेतलंय अशी घरंही मला माहीत आहेत. पण ज्या घरात कार्ड बाईकडे आहे, तिथे चवथीला (गणेशचतुर्थीला) कोणाला काय कपडे घ्यायचे यावर तिचं मत विचारलं जातं, आणि पूर्वी ते विचारलं जात नव्हतं.

खाणींची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण आमच्या भागातलं दारिद्र्य पिढीजात नव्हतं, बरंचसं ते एका झटक्यात आलं. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवलं, पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. मध्ये थोडं सुरू झालं, आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. पिसुर्ले, होंडा, डिचोलीकडची गावं, सगळीकडे ट्रक दारात उभे. बँकेचा हप्ता मात्र उभा राहत नाही. ट्रक असलेल्या घरांचं तर झालंच, पण ड्रायव्हर, क्लीनर, गॅरेजवाला, चहाचा गाडा, आणि आम्ही पसरकार, सगळे एका रांगेत आलो. गृह आधार आणि खाणबंदी एकाच वर्षी आल्या हा योगायोग. पण त्या काळात कित्येक घरांत महिन्याला नक्की येणारी रोकड तेवढीच होती. खाणीचं बरं-वाईट हा वेगळा विषय; आमच्या विहिरी आणि शेतं लाल होताना मीही पाहिली आहेत, त्यामुळे खाण परत आणा असं मी म्हणत नाहीये.

हे नुसतं माझं निरीक्षण आहे असं म्हणून कोणी उडवून लावेल, म्हणून बाहेरचं सांगते. केनियात गिव्हडायरेक्टली नावाची संस्था गरीब खेड्यांतल्या कुटुंबांना कोणतीही अट न घालता मोबाइलवर पैसे पाठवते. तिच्या कामावर अर्थतज्ज्ञांनी काटेकोर अभ्यास केले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोकांनी गुरं घेतली, गवताचं छप्पर काढून पत्रा घातला, जास्त आणि बरं खाल्लं, असं दिसलं. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला नाही. केनियातल्याच सियाया भागातल्या ६५३ गावांत दुसरा मोठा अभ्यास झाला. दहा हजारांहून जास्त कुटुंबांना प्रत्येकी सुमारे हजार डॉलर दिले गेले, आणि दिलेल्या एका डॉलरमागे त्या भागातल्या अर्थव्यवहारात सुमारे अडीच डॉलरची भर पडली. ज्यांना पैसे मिळाले नव्हते त्यांचाही धंदा वाढला. भाव मात्र जवळजवळ वाढले नाहीत. हे वाचताना मला वाटलं, अरे, हे तर आमच्या गल्ल्याचंच वर्णन आहे. बाई पैसे माझ्याकडे देते, मी पोदेराला (पाववाल्याला) देते, अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्या घराला देते, रिक्षावाल्याला देते. पैसे वाड्यातच फिरतात.

आपल्या देशातही झालंय. मध्य प्रदेशात २०११ पासून कष्टकरी बायकांच्या ‘सेवा’ संघटनेने युनिसेफच्या मदतीने काही गावांत प्रत्येक माणसाला, मुलांनासुद्धा, दरमहा पैसे दिले. मोठ्यांना आधी २०० रुपये, मग ३००. लोक आळशी झाले का? उलट मजुरीवर जाणारे स्वतःच्या शेतावर जास्त राबायला लागले, कारण आता बी-बियाणं आणि खत घ्यायला हातात काहीतरी होतं.

केनियाच्या २०१६ च्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र मी गोव्यातल्या प्रत्येक आमदाराला वाचून दाखवीन. काही कुटुंबांना पैसे दरमहा दिले, काहींना एकदम. ज्यांना दरमहा मिळाले त्यांचं रोजचं जेवण सुधारलं. ज्यांना एकदम मिळाले त्यांनी पत्रे, भांडी, टिकाऊ वस्तू घेतल्या. दोन्ही उपयोगीच. पण गृह आधारचा हेतू काय होता? महागाईत रोजचं घर चालवणं. म्हणजे दरमहा. आणि आपल्याकडे काय होतं? दोन महिने पैसे येत नाहीत, कधी तीन महिने येत नाहीत, मग अचानक सगळे एकदम पडतात, बहुधा चवथीच्या तोंडावर. बायका रोज विचारतात, ‘वयनी, कोणाचे पयशे पडले गो?’ आणि कोणालाच माहीत नसतं.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हेच. पैसे उशिरा आले तर ते तेवढेच राहतात असं वरच्या लोकांना वाटतं. १५०० गुणिले तीन, ४५००, हिशेब बरोबर. पण मधल्या तीन महिन्यांत ती बाई काय करते? आमच्याकडे उधारी वाढवते, मग ओशाळून यायची बंद होते. उधारी असलेली बाई वाळपईला जाऊन स्वस्त डाळ आणू शकत नाही. तिला आमच्याकडूनच घ्यावं लागतं, मी ज्या दराने देईन त्या दराने. किंवा आठवड्याला हप्ता घेणारं कर्ज काढते. किंवा कानातलं सोसायटीत गहाण ठेवते. मग ४५०० पडतात तेव्हा त्यातला मोठा वाटा व्याज आणि थकबाकीत जातो, आणि चौथ्या महिन्यात ती होती तिथेच. सरकारने पैसे पूर्ण दिले, आणि तिला मिळाले कमी.

सरकारी नोकराचा पगार दोन महिने अडला तर पणजीत काय होईल याची कल्पना करा. बातम्या, संप, विधानसभेत गोंधळ. आमच्या वाड्यावरच्या बाईचे पैसे अडले तर पंच म्हणतो, ‘येतील गो, रडतेस कित्याक.’ तिला ती तारीख मागण्याचा हक्क आहे असं तिलाही वाटत नाही, कारण मंजुरीपत्र तिला आमदाराच्या हातून, हार आणि फोटोसकट मिळालेलं असतं. मला हे कार्यक्रम मनापासून खुपतात. तिच्या हक्काचा कागद तिला पोस्टाने घरी यावा. ती कोणाची उपकृत का व्हावी?

रकमेबद्दलही बोलायला हवं. २०१६ मध्ये १५०० झाली आणि पुढे वर्षानुवर्षं तिथेच राहिली. तेव्हाचा गॅस, तेव्हाचं तेल, तेव्हाचा नारळ आठवा. महागाईसाठी दिलेली रक्कम महागाईबरोबर वाढत नसेल तर दरवर्षी ती गुपचूप कमी केली जाते, एवढंच.

अपात्र लोक घेतात, हे खरं आहे. पगारदारांच्या घरी गृह आधार गेल्याच्या आणि त्याची वसुली झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. करा वसुली, जरूर करा. पण दुसऱ्या बाजूलाही बघा. उत्पन्नाचा दाखला, हयातीचा दाखला, आधार बँकेला जोडलेलं आहे की नाही, या फेऱ्यांत खरी गरजू बाई गळते, कारण तिचा फेरीचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. पंधरा वर्षांच्या अटीमुळे तर बाहेरून आलेली, इथल्याच बागांत राबणारी कुटुंबं पूर्णपणे बाहेर राहतात, आणि आमच्या गावातली सगळ्यात गरीब घरं आज तीच आहेत. यावर गावात माझ्याशी सहमत होणारे थोडे आहेत, हे मला माहीत आहे.

शेवटी एक. हे पैसे म्हणजे सगळ्यावर औषध असं मी म्हणत नाही. संध्याकाळी सातनंतर बस नसेल, आरोग्य केंद्रात डॉक्टर नसेल, तर १५०० रुपयांनी बस किंवा डॉक्टर विकत घेता येत नाही. ते सरकारचंच काम आहे, आणि ‘पैसे दिले ना’ म्हणून त्यातून सुटता येणार नाही.

येत्या रविवारी आमच्या पंचायतीची ग्रामसभा आहे. मी ठराव मांडणार आहे: गृह आधार आणि दयानंदचे पैसे दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यात पडावेत, ती तारीख आधी जाहीर व्हावी, उशीर झाला तर त्याचं कारण लेखी कळवावं. ठरावाचा मसुदा लिहून झालाय. सत्तरीतल्या, डिचोलीतल्या, कुठल्याही गावातल्या बायकांना आपापल्या ग्रामसभेत तो न्यायचा असेल तर कमेंटमध्ये लिहा, मी पाठवते. ज्यांचे पैसे दोन महिन्यांहून जास्त अडलेत त्यांनी पासबुक भरून घ्या आणि त्या पानाची झेरॉक्स जवळ ठेवा; ठरावाला ती जोडायची आहे.